एका ओळीतल्या सहा चुली

“आई, उद्या तुला एक टेरेस दाखवायला नेते,” असं लेकीनं म्हटलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपली गच्चीच आली. म्हटलं, “अगं, या तुमच्या कार्डिफमध्ये दिवसातून चार वेळा पाऊस. गच्चीवर जाऊन काय बघायचं? ना पापड वाळायचे, ना कुरडया!” त्यावर ती आणि जावई पोट धरून हसले.

तुम्हीही माझ्यासारख्याच फसला असतात, म्हणून आधीच सांगून टाकते. तिकडे टेरेस म्हणजे गच्ची नव्हे. एकाला एक चिकटून, एका रेषेत बांधलेली घरं म्हणजे टेरेस. दोन घरांच्या मधे भिंत एकच, छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, आणि दार मात्र ज्याचं त्याचं वेगळं. आपल्या चाळीची चुलत बहीणच म्हणा ना! चाळ मजल्यावर मजला चढवत वर जाते, ही जमिनीवरच लांब होत जाते, एवढाच काय तो फरक.

परदेशी जाऊन आलेल्या बायका राणीचा राजवाडा, मोठमोठी दुकानं, बर्फाचे डोंगर यांच्या गोष्टी सांगतात. त्या तुम्ही खूप ऐकल्या असतील. मी मात्र तुम्हाला सहा लहानशा दगडी घरांत घेऊन जाणार आहे. आपल्या घरातल्या दोन खोल्यांत मावतील एवढाली घरं, पण त्यांनी मला जे शिकवलं ते राजवाड्यानं शिकवलं नसतं.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. त्याची भाषा वेगळी, गाणी वेगळी. कार्डिफ ही त्याची राजधानी. या शहराच्या अगदी कडेला सेंट फॅगन्स नावाचं गाव आहे आणि तिथे एक उघड्यावरचं संग्रहालय आहे, १९४८ साली सुरू झालेलं. उघड्यावरचं म्हणजे कसं, तर काचेच्या कपाटात वस्तू मांडलेल्या नाहीत. वेल्सच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरं, चर्च, दुकान, बेकरी, शाळा अशा चाळीसच्यावर इमारती मूळ जागेवरून दगड-दगड सुटा करून इथे आणल्या आणि पुन्हा जशाच्या तशा उभ्या केल्या. आत जायला तिकीट नाही. पायांत मात्र चांगली चप्पल-बूट हवेत आणि हातात छत्री हवी. मी साडीवर नव्या वहाणा घालून गेले आणि चिखलात त्यांचं जे व्हायचं ते झालं!

या संग्रहालयातच ती ओळ आहे. तिचं नाव रिड-अ-कार. वेल्श भाषेत ‘रिड’ म्हणजे नदीतून पलीकडे जायचा उतार. नावाप्रमाणे ही ओळ मुळात टाफ नदीच्या काठी होती, कार्डिफच्या उत्तरेला मर्थर टिडफिल या गावात.

मर्थरची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यावाचून ही घरं कळायची नाहीत. या डोंगरांच्या पोटात एकाच ठिकाणी लोखंडाचा दगड, कोळसा आणि चुनखडी सापडली. लोखंड वितळवायला आणखी काय लागतं? मग भराभर भट्ट्या उठल्या. त्यातली कव्हार्थ्वाची भट्टी रिचर्ड क्रॉशे नावाच्या गृहस्थाच्या हाती आली. हा मूळचा यॉर्कशायरमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. लंडनला एका लोखंडाच्या दुकानात त्यानं कपड्यांच्या इस्त्र्या विकण्यापासून सुरुवात केली, अशी कथा सांगतात. इस्त्र्या विकता विकता माणूस भट्ट्यांचा राजा झाला! खेड्याखेड्यांतून माणसं कामाला लोटली. १८०१च्या शिरगणतीत मर्थर हे वेल्समधलं सगळ्यात मोठं गाव ठरलं. लोकसंख्या साडेसात हजारांच्या थोडी वर. पुढल्या पन्नास वर्षांत ती ४६ हजारांवर गेली.

इतकी माणसं राहणार कुठे? म्हणून १७९५च्या सुमारास क्रॉशेनं आपल्या खाणीतल्या कामगारांसाठी ही घरं बांधली. ओळीनं का बांधली, तर काटकसर. दोन घरांत एक भिंत म्हणजे दगड कमी, मजुरी कमी, आणि शेजारणीच्या चुलीची ऊब आपल्याही भिंतीला. शेवटच्या घराला तेवढी थंडी जास्त. दगड तिथलाच, भिंती चांगल्या जाड. दार उघडलं की थेट मुख्य खोलीत. ओटी नाही, पडवी नाही. हीच बसायची खोली, हेच स्वयंपाकघर, हेच जेवणघर. हिच्या मागे छप्पर उतरत उतरत जवळजवळ जमिनीकडे जातं. त्या उतरत्या छपराखाली झोपायची एक लहान खोली आणि सामानाची कोठी. अरुंद वळणाच्या जिन्यानं वर गेलं की माळ्यासारखी आणखी एक खोली. संपलं घर. एवढ्यात नवरा-बायको, पाच-सहा मुलं, आणि पैशाची ओढ असली की एखाददुसरा परका भाडेकरूसुद्धा!

याच क्रॉशेच्या नातवानं १८२५च्या सुमारास भट्ट्यांसमोरच्या टेकडीवर आपल्यासाठी किल्ल्यासारखा वाडा बांधला. त्यात ७२ खोल्या आहेत म्हणतात. दोन्ही घरं लोखंडावरच उभी राहिली, हे विसरू नका.

१९७९च्या डिसेंबरात, नाताळ झाल्यावर दोनच दिवसांनी, टाफ नदीला मोठा पूर आला आणि पाणी या घरांत शिरलं. लोकांना घरं सोडावी लागली. ओळ पाडली जाणार, हे उघड होतं. तेव्हा संग्रहालयानं त्यातली सहा घरं मागून घेतली. मोजमापं काढली, फोटो घेतले, भिंती उतरवल्या आणि सेंट फॅगन्सला आणून पुन्हा रचल्या. १९८७ साली ती लोकांसाठी उघडली.

आणि इथेच त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. सहाही घरं बांधणीनं सारखी. मग सहा वेळा तेच कशाला दाखवायचं? म्हणून एकेका घरात एकेका काळाचा संसार मांडला. पहिलं घर १८०५चं, दुसरं १८५५चं, मग १८९५, १९२५, १९५५ आणि शेवटचं १९८५चं. पुढच्या बागासुद्धा त्या त्या काळाप्रमाणे. म्हणजे तुम्ही एका दारातून बाहेर पडून शेजारच्या दारात शिरलात की मधे तीस-चाळीस किंवा पन्नास वर्षं गेलेली! भिंती त्याच, आणि बाई निराळी.

चला तर, वाकून आत या.

पहिलं घर, १८०५. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. उघडा विस्तव, त्यावर टांगलेलं भांडं, चार लाकडी वस्तू. खेड्यातून आलेल्या बाईनं जे गाडीवर मावलं ते आणलेलं. तिची भाजी-भाकरी म्हणजे पाव, चीज आणि ‘काउल’ नावाचं मटणाचं आणि भाज्यांचं पातळ कालवण, तेच रोज विस्तवावर रटरटत असायचं. विस्तव विझू द्यायचा नाही, हे तिचं पहिलं काम. इथवर मला सगळं ओळखीचं वाटलं. आपल्या आजीच्या चुलीपुढे बसल्यासारखं.

पहिल्या आणि दुसऱ्या घराच्या मधे एक साल येतं, १८३१. त्या वर्षी मजुरी कापली गेली आणि लोक कर्जात बुडाले. कर्जवसुलीचं न्यायालय माणसं पाठवून घरातल्या वस्तू उचलून न्यायचं. पलंग, पेट्या, जे हाताला लागेल ते. शेवटी लोक उठले. जप्त झालेलं सामान त्यांनी शोधून काढलं आणि ज्याचं त्याला परत नेऊन दिलं. मग सैन्य आलं आणि गोळीबार झाला. किमान सोळा माणसं मेली. डिक पेन्डेरिन नावाच्या तेवीस वर्षांच्या खाणकामगाराला कार्डिफला फाशी दिलं. ते ठिकाण आज शहरातला बाजार आहे आणि तिथे त्याच्या नावाची पाटी लावलेली आहे. माझी लेक तिथूनच भाजी आणते! इतके दिवस मी त्या पाटीखालून पिशवी घेऊन जात होते. एखाद्या बाईचा पलंग आणि पेटी यांच्यावरून एवढं रामायण घडलं, हे मला या घरात उभी राहिल्यावर कळलं.

दुसरं घर, १८५५. सामान वाढलंय, घर जरा भरल्यासारखं दिसतं. पण मला दिसली ती न दिसणारी गोष्ट. या घरात पाणी नाही! नळ नाही, मोरी नाही. मर्थरच्या बायका डोंगरातून येणाऱ्या झऱ्यांवर पाणी भरायच्या. उन्हाळ्यात धार बारीक झाली की रात्र-रात्र रांगेत उभं राहायचं. नदी जवळच होती, पण तिच्यात साऱ्या गावाची घाण. १८४९ साली पटकीची साथ आली आणि या एका गावात चौदाशेवर माणसं दगावली. स्वच्छ पाण्याचे नळ यायला १८६०चं दशक उजाडावं लागलं. मैत्रिणींनो, ‘मुलांना उकळलेलं पाणी द्या’ असं आपण पानापानांवर वाचतो आणि पान उलटतो. त्या बाईला उकळण्याचं महत्त्व कुणी सांगितलंच नव्हतं. मूल गेलं की ती देवाला बोल लावत असेल, नाहीतर स्वतःला.

तिसरं घर, १८९५. इथे पाऊल टाकलं आणि वाटलं, हिचं काय टापटीप! उघड्या विस्तवाच्या जागी आता बिडाची मोठी शेगडी आली होती. मधे कोळसा, शेजारी भाजायची भट्टी. भिंतीशी उंच मांडणी, तिच्यावर चिनी मातीच्या बशा एका रांगेत उभ्या. आपल्याकडे पितळेचे डबे मांडून ठेवतात ना, तसंच. वेल्समध्ये ही मांडणी म्हणजे बाईचा अभिमान. आईकडून लेकीकडे यायची. पण त्या बिडाच्या शेगडीला काळं पॉलिश लावून लखलखीत ठेवायचं, दाराची पायरी घासून पांढरी करायची, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांची सतरंजी करायची. ही आपल्या गोधडीची बहीणच, नुसती पायाखाली घालायची! आणि सभोवती भट्ट्यांची काजळी. सकाळी पुसलं की दुपारी काळं. टापटिपीचं कौतुक करताना मी जरा थबकले. कौतुक करणारे निघून जातात, पुसणारी तिथेच असते.

चौथं घर, १९२५. या घरात तुम्ही जरा थांबा. भट्ट्या मंदावल्या होत्या. वेल्सच्या या खोऱ्यांतले पुरुष मोठ्या संख्येनं कोळशाच्या खाणीत जायचे. पाळीवरून परतलेला माणूस म्हणजे फक्त डोळे आणि दात पांढरे. खाणीवर आंघोळीची सोय बहुतेक ठिकाणी नव्हतीच. मग घरी शेगडीपुढे पत्र्याचं घंगाळ मांडायचं, मोठ्या पातेल्यांत पाणी तापवायचं, उचलून ओतायचं, पाठ चोळायची, घाण पाणी बाहेर नेऊन टाकायचं. घरात नवरा आणि दोन कर्ते मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांना असले, की हे दिवसातून तीनदा. गरोदरपणातसुद्धा. जड भांडी उचलून बायकांचे गर्भ पडायचे. रांगतं मूल कढत पाण्यात पडून भाजायचं.

हे सगळं एका बाईनं सरकारपुढे मांडलं. तिचं नाव एलिझाबेथ अँड्र्यूज. खाणकामगाराची मुलगी, स्वतः शिवणकाम करून पोट भरलेली. १९१९ साली कोळसा खाणींच्या चौकशीसाठी नेमलेल्या सँकी आयोगासमोर, लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीत, खाणकामगारांच्या ज्या तीन बायका साक्षीला उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. तिनं काय मागितलं? दागिना नाही, पगारवाढही नाही. खाणीच्या तोंडाशीच न्हाणीघरं बांधा, म्हणजे घरातल्या बाईची पाठ वाचेल, एवढंच! १९२६च्या कायद्यानं त्यासाठी पैशाची तरतूद झाली आणि पुढे खाणीखाणीवर न्हाणीघरं उठली. मला वाटतं, घराच्या बांधणीतला हा सगळ्यात मोठा फेरबदल, आणि तो घराच्या बाहेर झाला.

या घरातून बाहेर आलं की बागेत संडास. वेल्श भाषेत त्याला म्हणतात ‘टी बाख’, म्हणजे ‘छोटं घर’. पावसात, बर्फात, रात्री-बेरात्री बाळाला घेऊन त्या छोट्या घराकडे जायचं. आपल्या वाड्यांतल्या बायकांना हे काही नवीन नाही.

पाचवं घर, १९५५. विजेचा दिवा, रेडिओ, कुठे कुठे नवं रंगीत कापड. लढाई संपलेली, खाणी सरकारच्या मालकीच्या झालेल्या. पुढल्या खोलीतली चूल हळूहळू मागच्या उतरत्या छपराखाली गेली, आणि पुढली खोली खऱ्या अर्थानं ‘बसायची’ झाली. बसायची कुणी, ते विचारू नका!

आणि सहावं घर, १९८५. दार लोटलं आणि मी जी उभी राहिले ती राहिलेच. समोर टीव्ही. खरं म्हणजे १९८५ साली ही ओळ तिच्या जागेवर नव्हतीच. पूर आला नसता तर तिथला संसार कसा दिसला असता, ते मांडलेलं. तिथे बसलेल्या माहिती देणाऱ्या बाई म्हणाल्या, “पहिल्या पाच घरांत लोक हळू बोलतात. इथे आले की मोठ्यानं बोलायला लागतात. आमच्याकडे हाच होता, आमच्याकडे असाच होता, म्हणतात.” लेकीनं मला ते मराठीत सांगितलं, तसं मला हसूही आलं आणि पोटात काहीतरी हललंही. कारण माझं लग्न १९८४ सालचं. म्हणजे माझा संसारसुद्धा आता संग्रहालयात बसायच्या वयाचा झाला!

त्या वर्षी, म्हणजे १९८४-८५ला, वेल्सच्या खाणकामगारांनी वर्षभर संप केला होता. तेव्हा बायकांनी एकत्र स्वयंपाक करून गावंच्या गावं जेवू घातली. ज्या चुलीनं तिला दोनशे वर्षं घरात बांधून ठेवलं, तीच चूल घेऊन ती बाहेर आली. संप हरला, खाणीही पुढे बंद झाल्या. पण त्या बायकांचं नाव राहिलं.

परतताना बसमध्ये मी गप्प होते. लेकीला वाटलं, पाय दुखत असतील. मला आठवत होता आमच्या साताऱ्याच्या घरातला तांब्याचा बंब. सासूबाई पहाटे चारला उठून तो पेटवायच्या. घरातली नऊ माणसं त्या बंबावर न्हायची. मी लग्न होऊन आले आणि दोनच वर्षांत आमच्याकडे गॅसचा गीझर आला. बंब मी मोडीत घातला. त्याच्या पैशांतून स्टीलची पातेली आणली, आणि शेजारणींना कौतुकानं दाखवलीसुद्धा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “त्याची तोटी गळायची, मी चिंधी बांधून चालवायची.” तेवढंच. मी कधी विचारलं नाही, की किती वर्षं चालवलंत? पाणी कुठून आणायचात? बाळंतपणात कोण भरायचं? त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. मर्थरच्या बाईनं पाणी कसं भरलं ते मला ठाऊक आहे आणि माझ्या सासूबाईंनी कसं भरलं ते ठाऊक नाही. याची मला त्या बसमध्ये लाज वाटली.

बंब टाकला याचं दुःख नाही हं. सगळंच साठवून ठेवलं तर आपण राहायचं कुठे? गीझर आला ते चांगलंच झालं. न्हाणीघरांसाठी साक्ष देणाऱ्या त्या बाईला घंगाळ संग्रहालयातच जायला हवं होतं. पण घंगाळ गेलं तरी ते उचलणारीची गोष्ट जाऊ नये. भिंतींचे दगड मोजून ठेवता येतात, उचललेलं पाणी कोण मोजणार? ज्यांच्या सासूबाई, आई, मावशी अजून आहेत, त्यांनी एवढं करा. एखाद्या दुपारी निवडायला भाजी घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा, “तुमच्या वेळी चूल कुठे होती? पाणी कुठून यायचं?” आणि जे सांगतील ते घराच्या जमाखर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

आणि हो, रिकाम्या हाती तुम्हाला परत पाठवणार नाही. वेल्समध्ये तव्यावर भाजायचे गोड केक करतात. त्यांचं वेल्श नावच ‘दगडावरचे केक’ अशा अर्थाचं आहे. पाव किलो मैद्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि चिमूट मीठ घालून चाळून घ्या. त्यात सव्वाशे ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळा, रव्यासारखं दिसेपर्यंत. मग पाऊण वाटी पिठीसाखर, मूठभर काळे मनुके आणि थोडं जायफळ घाला. एक अंडं फेटून घालून गोळा करा. अंडं चालत नसेल तर लागेल तेवढं दूध घ्या. फार मळू नका. पुरीपेक्षा बरंच जाड लाटा, वाटीनं गोल कापा आणि जाड तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत भाजा. वरून साखर भुरभुरवा.

आपल्या तव्यावर अगदी सुरेख होतात. त्या सहा घरांतल्या बायकांनाही तवा पाहून आपली ओळख पटली असती.